कुलूप घराला नाही, फ्रिजला लावलंय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, मूळ घरं ओस पडत चाललीत, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पूर्वी पन्नास माणसं असायची आता दहा पण येत नाहीत, नेवऱ्या (करंज्या) विकतच्या आणतात, नवी पिढी "आम्हाला झेपत नाही" म्हणून हात झटकते, असं साधारण. पत्र चांगलंच होतं, माटोळीचं, म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं, वर्णन वाचून मला आंबाड्यांचा वास आला खरंच. पण ते "हात झटकणारे" वाचल्यावर आमच्या नात्यातल्या निदान चार माणसांनी मनात माझं नाव घेतलं असणार याची मला खात्री आहे, म्हणून हे लिहितोय. लांबलंय थोडं. कापायचं तर कुठूनही कापा, फक्त फ्रिजचा भाग ठेवा. आणि नाव छापू नका, आमच्याकडे अर्धी नातेवाईक मंडळी हाच पेपर वाचतात. तसं फ्रिजवरून ओळखतीलच म्हणा.

मी ४१ वर्षांचा, गोव्यात डिचोली तालुक्यात आमच्या मूळ घरात राहतो, आई, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. नोकरी पणजीला, रोज बसने जाऊन येऊन. काका, आत्या, चुलतभाऊ सगळे मुंबई, पुणे, एक दुबईला, म्हणजे घराची चावी बारा महिने आमच्याकडे. पाऊस यायच्या आधी छपरावरचे नळे परतायचे, चिऱ्यांच्या भिंतीवरची झुडपं काढायची, वीजबिल, पंचायतीची घरपट्टी, सगळं इथे राहणाऱ्याच्या डोक्यावर. यात तक्रार नाही, राहतो म्हणजे करायलाच हवं.

आता आजार. मला अँकायलोजिंग स्पॉन्डिलायटिस आहे. नाव कोणाच्या तोंडात बसत नाही म्हणून आमच्यात त्याला नुसतं "त्याची पाठ" म्हणतात. "त्याची पाठ कशी आहे आता?" असं मी समोर उभा असताना आईला विचारतात. हा संधिवाताच्या कुळातला आजार, पण म्हातारपणी हाडं झिजतात तो नव्हे आणि मणक्याची गादी सरकते तो पण नव्हे. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते, सुरुवात बहुतेक माकडहाडाच्या वर दोन बाजूंना जे सांधे असतात तिथून होते, मग वर मणक्यात चढते, आणि वर्षानुवर्षं सूज राहिली तर काही जणांचे मणके एकमेकांना चिकटून पाठ काठीसारखी होते. लागतो पण तरुण वयातच, पंचेचाळीसच्या आत, गोळ्या आणि इंजेक्शनांनी आवरतो पण जात नाही.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे आराम केला की हे वाढतं आणि हालचाल केली की कमी होतं. झोपेत पाठ लाकूड होते. मी पहाटे चार-साडेचारला उठतो, उठतो म्हणजे आधी कुशीवर, मग कोपरावर, मग खाटेचा कठडा धरून, आणि मग काळोखात आंगणात येरझाऱ्या घालतो, पावसात राजांगणाभोवती, म्हणजे घराच्या मधल्या चौकाभोवती. त्यानंतर न्हाणीत गरम पाणी. तास दीड तासाने माणूस होतो. नऊ वाजता मला कोणी बघितलं तर ठणठणीत गडी दिसतो, आणि पाहुणे नऊलाच उठतात!

म्हणजे त्यांना काय दिसतं तर हा माणूस चालतोय, बस पकडतोय, बाजारात जातोय, आणि ह्याच माणसाला चित्रशाळेतून गणपतीचा पाट उचलायला सांगितला की नाही म्हणतो, दोन तास मांडी घालून पूजेला बस म्हटलं की नाही म्हणतो. मी त्यांच्या जागी असतो तर मलाही संशय आला असता.

त्यात निदान व्हायला सात वर्षं गेली. सव्विसाव्या वर्षी दुखायला लागलं, एका डॉक्टरने नस दबलीय म्हणून पट्टा दिला आणि पडून राहायला सांगितलं, म्हणजे बरोबर उलटं. तेहतिसाव्या वर्षी एका डॉक्टरने सकाळीच जास्त दुखतं का, चाललं की बरं वाटतं का, हे दोन प्रश्न विचारले आणि मग एमआरआय आणि एचएलए बी२७ नावाची रक्ताची टेस्ट. या आजारात पाच-दहा वर्षं अशी गेलेली माणसं सर्रास भेटतात, मी काही वेगळा नाही. पण त्या सात वर्षांत घरच्यांचं मत बनून गेलं होतं. एक चुलतभाऊ तर "कामाचं नाव काढलं की ह्याची पाठ धरते" असा विनोद दर चवथीला करायचा आणि सगळे हसायचे, मी पण हसायचो.

आणि हसत हसत सगळं करायचो. चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटोळी बांधायला शिडीवर मी. सुपारीचं शिपटं, नारळाची पेंड, तोरिंगं, चिबूड, सगळं खालून मुलं देणार आणि मान वर करून मी बांधणार, आमच्या आजोबांनी मलाच शिकवलं होतं ते. गणपती आणायला मी, माळ्यावरच्या गाद्या काढायला मी, विहिरीवर मी. पाच दिवसांचा गणपती, चोवीस-पंचवीस माणसं, एक न्हाणी. चवथीच्या आठवड्यात दुखण्याच्या गोळ्या जास्तीच्या खायच्या हे माझं ठरलेलं, पोटात आग पडायची, आणि गणपती पोचवून आलो की पुढचे पंधरा दिवस मी आडवा. म्हणजे आडवं पण होता येत नाही, ही त्यातली गंमत.

मग २०२० आलं. त्या वर्षीची चवथ आपण सगळ्यांनी बघितली. मुंबईहून कोणी आलं नाही, हातभर मूर्ती, बायकोने आणि मी दोघांनी मिळून आणली, माटोळी अर्धी, जेवायला आम्ही चौघं. आणि पाच दिवस झाल्यावर सहाव्या दिवशी मी उठलो आणि रोजच्यासारखा आंगणात चालायला गेलो. चालताना एकदम लक्षात आलं की अरे आपण उभे आहोत. इतकी वर्षं चवथीनंतरचं ते पंधरा दिवसांचं दुखणं मी आजाराच्या खात्यात टाकत होतो, ते आजाराचं नव्हतंच सगळं, ते माझ्या "हो"चं होतं.

आमच्या विहिरीचं मे महिन्यात असंच असतं. सकाळी आठ-दहा कळश्या काढल्या की तळ दिसतो, मग झरा भरेपर्यंत थांबावं लागतं, त्या विहिरीला कोणी आळशी म्हणत नाही.

तर २०२१ ला मी पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि अगदी चुकीच्या पद्धतीने म्हटलं. कुटुंबाच्या ग्रुपवर मेसेज टाकला की कोविड अजून गेलेला नाही, या वर्षी पण कोणी येऊ नका. पाठीचा प मी लिहिला नाही. लाज वाटली, दुसरं काय. त्याच महिन्यात मी एका मित्राच्या लग्नात जेवताना कोणीतरी फोटो काढला आणि तो फिरत फिरत काकीच्या मोबाइलवर गेला, मित्राच्या लग्नात कोविड नाही आणि सख्ख्या काकीला कोविड. सहा महिने ती बोलली नाही आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. चवथीला घुमट, ते मातीच्या मडक्याचं वाद्य, वाजवायला मी एकटा, त्याच्या जोडीचा शामेळ वाजवणारा चुलतभाऊ मुंबईला, आरतीला आई आणि बायको, दोन आरत्या झाल्या आणि आईने पदर डोळ्याला लावला. एवढ्या मोठ्या वळईत आमचा तिघांचा आवाज. मला हे नको होतं. मला शिडीवर चढायचं नव्हतं, माणसं नको होती असं नव्हतं, पण मी दोन्ही एकाच पिशवीत भरून फेकून दिलं होतं.

आता फ्रिज. २०२२ च्या सुरुवातीला माझ्या गोळ्या पुरेशा पडेनात म्हणून डॉक्टरांनी इंजेक्शन सुरू केलं, दर पंधरा दिवसांनी एक, पोटावर किंवा मांडीवर आपलं आपण टोचायचं. सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात कारण हे औषध प्रतिकारशक्तीचा एक भाग दाबून ठेवतं आणि अंगात लपलेला टीबी असेल तर उसळू शकतो. हे इंजेक्शन दोन ते आठ डिग्रीत ठेवायचं असतं, म्हणजे फ्रिजमध्ये पण फ्रीजरमध्ये नाही, गोठलं की संपलं, परत पातळ करून वापरायचं नसतं. त्या चवथीला सगळे आले. तिसऱ्या दिवशी आमच्या एका वहिनीला श्रीखंडाचे डबे आणि दुधाच्या पिशव्या ठेवायला जागा हवी होती, तिने माझा बॉक्स उचलून वर फ्रीजरमध्ये सरकवला. "थंड ठेवायचं असं लिहिलंय ना त्याच्यावर, म्हटलं जास्त थंड बरं." बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. दोन इंजेक्शनं बर्फ. त्यांची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्यापेक्षा जास्त.

मी ओरडलो. वळईत पंगत बसलेली, शेजारचे लोक गणपती बघायला आलेले, आणि मी फ्रीजरचं दार उघडं ठेवून ओरडतोय. वहिनी रडली. आत्या म्हणाली एका सुईसाठी चवथीला घरात एवढा आवाज! चुलतभाऊ जेवण टाकून उठला. नवीन इंजेक्शन यायला दिवस गेले, एक डोस चुकला, आणि पुढे महिनाभरात माझा डावा डोळा लालभडक, उजेड बघवेना. ते डोस चुकल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही, या आजारात डोळ्याच्या आतल्या भागाला सूज बऱ्याच जणांना कधी ना कधी येतेच. घरी आलेल्या एका मावशीने डोळे आलेत म्हणून गुलाबपाणी घालायला सांगितलं. बायको मला उचलून डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, थेंब सुरू झाले म्हणून वाचलं. कोणाला हा आजार असेल आणि डोळा लाल होऊन दुखला तर गुलाबपाणी घालत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, एवढं मात्र या पत्रातून कोणाच्या लक्षात राहिलं तरी पुरे.

डोळ्यावर काळा चष्मा लावून घरात बसलो होतो तेव्हा विचार करायला वेळ मिळाला. २०२१ ला मी खोटं कारण दिलं आणि २०२२ ला काहीच न सांगता सगळं अपेक्षित ठेवलं, की यांना समजायला हवं. कसं समजणार? बॉक्सवर इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं वहिनीने का वाचावं.

म्हणून २०२३ ला चवथीच्या दोन महिने आधी मी एकेकाला फोन केला. ग्रुपवर नाही. ग्रुपवर लिहिलं की त्याची नोटीस होते, कोणीतरी अंगठा दाखवतं, कोणी हात जोडतं, आणि मग खरी चर्चा दुसऱ्या ग्रुपवर होते जिथे आपण नसतो. एकेकाला फोन करायला तीन आठवडे लागले आणि प्रत्येक फोनच्या आधी पोटात गोळा यायचा, काकीला करायच्या आधी तर मी दोनदा नंबर लावून कट केला.

सांगितलं काय, तर नाही म्हणायच्या आधी काय करीन ते सांगितलं. आरतीला घुमट मीच वाजवणार, पण उभा राहून, गळ्यात दोरी घालून. माटोळी मीच सांगणार, कुठे काय बांधायचं ते, पण शिडीवर दुबईवाल्याचा मोठा मुलगा चढेल, एकोणीस वर्षांचा आहे, जिममध्ये जातो. मूर्तीचा पाट मी उचलणार नाही, वाटेत घंटा वाजवत पुढे चालीन. सकाळी साडेचार ते सहा न्हाणी माझी, त्या वेळात कोणाला घाई असेल तर मागच्या अंगणातला मोरी-संडास आहे. सकाळच्या त्या दोन तासांत मला काही विचारू नका, साखर कुठे आहे ते पण नाही, मी उत्तर देईन पण ते मला नंतर आठवणार नाही आणि तुम्हाला लागेल. ताप, खोकला असेल तर दोन दिवस उशिरा या, मी खोलीत कोंडून घेण्यापेक्षा ते बरं, कारण माझ्या औषधामुळे तुमचा साधा खोकला माझ्याकडे महिनाभर राहू शकतो. आणि औषधपाण्याच्या सूचना फक्त माझ्या बायकोला पाठवा, ती त्यातलं कामाचं मला सांगेल. ती काहीच सांगत नाही. हे त्यांना आता इथे वाचून कळेल.

काका लगेच हो म्हणाले, इतके लगेच की मला वाटलं नीट ऐकलंच नाही. काकी गप्प बसली आणि मग म्हणाली, हे तू तेव्हाच सांगितलं असतंस तर मी सहा महिने तोंड फुगवून बसले नसते. आत्याने आईला फोन करून विचारलं की याची बायको याला शिकवते का. आणि एका चुलतभावाला, तोच विनोदवाला, त्याला ताप-खोकल्याची अट लागली. "माझ्या बापाच्या घरात यायला मला सर्टिफिकेट पाहिजे?" असं म्हणाला. तो अजून येत नाही. दोन चवथी झाल्या. मला वाईट वाटतं, रात्री आरती झाली की शामेळाच्या जागेकडे लक्ष जातंच, पण ती अट मी मागे घेतलेली नाही.

त्याच्या म्हणण्यात एक खरं आहे म्हणा. घर माझं एकट्याचं नाहीच. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी कायद्यापासून वारसाहक्कात मुलगा-मुलगी सारखे, आमच्या घराचं वाटप झालेलं नाही, म्हणजे आत्याचा पण वाटा आणि त्याचाही. म्हणून इथे कोणाला "विचारून ये" म्हणायची सवयच नाही, हक्काच्या घरात कोण विचारून येतं. पण वाटा घराच्या चिऱ्यांत असतो, माझ्या पाठीत कोणाचा वाटा नाही. नळे परतायला मी स्वतः चढायचो तोपर्यंत त्याचा खर्च शून्य होता, आता गडी लावतो आणि बिल ग्रुपवर टाकतो, पाच भाग करून. पहिल्या वर्षी दोघांनीच दिले. गेल्या वर्षी चौघांनी.

आता रविवारच्या पत्रातल्या नेवऱ्यांबद्दल. मी उचलायचं थांबवलं, ते काम कुठे जातं? हवेत जात नाही. आमच्याकडे ते सरळ माझ्या बायकोच्या अंगावर आलं आणि पहिलं वर्षभर मला ते दिसलं पण नाही, मी आपला माझ्या नव्या नियमांवर खूश. ती रात्री अकराला ओटा पुसत होती आणि म्हणाली, तुझ्या पाठीला नियम आहेत, माझ्या पाठीला नाव नाही म्हणून तिला काही नाही का? त्यावर काय बोलणार. तेव्हापासून नेवऱ्या आणि लाडू शेजारच्या गावातल्या बायकांच्या बचतगटाकडून येतात, त्यांच्या घरात चवथीच्या तोंडावर चार पैसे जातात आणि नेवऱ्या आमच्यापेक्षा बऱ्या असतात. खतखतं आणि पातोळ्या घरी. भांडी पुरुष घासतात, पंगतीच्या उलट क्रमाने, म्हणजे जो शेवटी जेवतो तो आधी सुटतो, का ते विचारू नका, काकांनी काढलेला नियम आहे. विकतच्या नेवऱ्यांनी घर मोडतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा पंचवीस माणसांच्या नेवऱ्या तळून बघाव्यात.

खुर्चीचा वाद पण झाला. पंगतीत मला खाली बसता येत नाही, बसलो तर उठताना दोघं लागतात. देवासमोर खुर्चीवर बसून जेवणार का, असं आत्याने विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत पूजेला आलेले भटजी हात धुताधुता म्हणाले, देव स्वतः पाटावर बसलाय, त्याला खुर्चीचं काय, बस रे तू. दोन मिनिटांत विषय संपला. मी वर्षभर जी वाक्यं तयार करत होतो ती सगळी वाया गेली.

एका गोष्टीत मात्र मी समजावत बसलो नाही. २०२३ च्या चवथीला आमच्याकडे आलेल्या दूरच्या एका आजीने माझ्या मुलीला जवळ घेऊन, प्रेमानेच, सांगितलं की बाळा सांभाळ, तुझी पण पाठ बाबासारखीच होणार, रक्तातलं आहे. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. रात्री ती मला आरशात पाठ दाखवून विचारत होती, बाबा वाकडी झालीय का? ते बी२७, म्हणजे त्या टेस्टमध्ये बघतात ते जनुक, आई-बापाकडून मुलात यायची शक्यता अर्धी असते हे खरं, पण ज्यांच्यात ते असतं त्यातल्या बहुतेकांना हा आजार आयुष्यात कधी होत नाही, आणि काही लक्षण नसताना लहान मुलाची टेस्ट करत बसू नका असं डॉक्टरांनी आम्हाला साफ सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या त्या न बोलायच्या दोन तासांतच, आंगणातून आत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं की माझ्या मुलीसमोर तिच्या अंगाबद्दल कोणी बोललं तर त्या माणसाला मी स्वतः बसस्टँडवर सोडून येईन, वय बघणार नाही. ओरडलो नाही. त्या आजीला वाईट वाटलं आणि मी माफी मागितली नाही. आईने मागितली असेल, मला माहीत नाही.

पणजीला २०२३ पासून पर्पल फेस्ट होतो, दिव्यांगांसाठी, त्याचे फोटो मला नात्यातले लोक पाठवतात, "बघ लोक किती जिद्दीने जगतात" म्हणून. मी बघतो, मला आवडतात. पण व्हीलचेअर दिसली की माणसं आपोआप बाजूला होतात, माझ्यासारख्याला दर वेळी तोंड उघडावं लागतं, आणि तोंड उघडलं की भांडखोर. बसमध्ये तर मी जास्त वेळ बसून राहिलो की आखडतो म्हणून मुद्दाम उभा राहतो, आणि कधी उभं राहवत नाही म्हणून सीट मागतो. कंडक्टर आता ओळखतो, तो म्हणतो साहेब आज उभे की बसलेले?

आई राहिली. आईला मी फोन केला नव्हता, ती घरातच. आणि तिच्याशी बोलणं सगळ्यात कठीण गेलं. आईने आयुष्यात कोणाला नाही म्हटलेलं नाही, रात्री दहाला आलेल्या माणसाला पण ती जेवायला बसवते. माझ्या आजाराची बातमी तीच सगळ्यांना देत होती, इंजेक्शनची किंमत, कुठे टोचतात, रात्री किती वेळा उठतो, सगळं. मी एकदा चिडून विचारलं तर म्हणाली, मग मी कोणाकडे बोलू? त्यावर मी गप्प झालो कारण ते खरंच आहे, आजार मला आहे पण रात्री माझं आंगणातलं चालणं ऐकत ती पण जागी असते, हे मला तिने कधी सांगितलं नव्हतं. मग आमचं ठरलं की ती आत्याकडे आणि शेजारच्या माईकडे हवं ते बोलेल, बाकी कोणाकडे नाही. कुळदेवाच्या देवळात जाऊन तिने माझ्यासाठी कौल लावला, उजवी पाकळी पडली म्हणून खूश होऊन आली, त्यात मी काही बोललो नाही, इंजेक्शन बंद कर असं देवाने सांगितलेलं नाही तोवर माझी हरकत नाही. शनिवारी रात्री ती माझ्या पाठीला खोबरेल तेल गरम करून चोळते. त्याने सांध्यातली सूज उतरत नाही हे मला माहीत आहे आणि तिलाही मी सांगून झालंय. चोळते. मी पालथा पडून राहतो.

यंदा, म्हणजे २०२५ ला, चवथ २७ ऑगस्टला. एकवीस जण येतायत, दुबईवाला पण. मूळ घर ओस पडलेलं नाही, रविवारच्या पत्रलेखकांनी वाटेत यावं, डिचोलीच्या बाजाराहून पुढे, जेवूनच जावं, फक्त खोकला नसला तर.

आणि फ्रिज. २०२३ लाच मी एक छोटा फ्रिज घेतला, हॉटेलच्या खोलीत असतो तसला, त्यात फक्त माझी इंजेक्शनं, आईच्या कोकणीत वखद, म्हणजे औषध, आणि त्याला एक साधं कुलूप लावलं. सुरुवातीला त्यावरून किती बोललं गेलं, आता आपल्याच माणसांपासून कुलूप का वगैरे. चावी मी आईकडे दिली. बायको म्हणाली आईकडे दिलीस म्हणजे संपलंच, कोणी मागितली की ती काढून देईल. गेल्या वर्षी चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी पडवीत होतो, आत काकी आईस्क्रीमचे दोन डबे घेऊन उभी, मोठा फ्रिज भरलेला, गोड आवाजात म्हणत होती वहिनी, दे ना चावी, दोन तासांचा प्रश्न आहे. आईने चावी कमरेला खोचली आणि तांदूळ निवडता निवडता वर पण न बघता म्हणाली,

"थंय ना. थंय ताचें वखद आसा."

आपला,
एक वाचक,
डिचोली तालुका